गैरहजेरीचा रंग

वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या कृष्णाकाठच्या काळ्या रानांत ऐन उन्हाळ्यात काही शेते दुरूनच पांढरी दिसतात. रान फुटले, मीठ वर आले, असे शेतकरी म्हणतात. उसाला वर्षानुवर्षे जास्तीचे पाणी पाजले, निचऱ्याला वाट ठेवली नाही, मग खालचे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, उन्हात उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार पापुद्र्यासारखे मागे उरतात. क्षारपड जमिनीची ही गोष्ट शेतीतज्ज्ञांनी पुष्कळ वेळा सांगितली आहे. त्याच पापुद्र्याबद्दल या पुस्तकाचा प्रश्न मात्र निराळा आहे आणि पहिल्यांदा ऐकताना तो जरा पोरकटही वाटेल: हे क्षार पांढरे का दिसतात? पापुद्र्यातला एक धड कण वेगळा काढून भिंगाखाली धरला, तर तो बहुधा काचेच्या चुऱ्यासारखा स्वच्छ निघतो. एकेक कण पारदर्शक आणि ढीग पांढरा. तेव्हा हा पांढरेपणा क्षाराच्या अंगचा नाही. तो येतो कुठून, हे पाहू लागलो की मिरजेतल्या एक्स-रे विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवरच्या बॅजपर्यंत जाऊन पोचतो. वाट थोडी वळणाची आहे.

रंगाचे कारण शोधताना पदार्थात काय आहे हे आपण आधी पाहतो. सांगलीची हळद पिवळी, कारण तिच्यात कर्क्युमिन आहे. ते काढून घेतले की पिवळेपणा गेला. स्वयंपाकघरातल्या आणि बाजारपेठेतल्या बहुतेक वस्तूंना हा हिशेब लागू पडतो. मिठाला तो लागू पडत नाही, एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. मीठ म्हणजे येथे केवळ जेवणातले नव्हे. ज्यांचे आयन मुळात रंगहीन असतात, असे धन आणि ऋण आयन एकाआड एक रचून झालेले सगळे क्षार त्यात आले. अशा क्षाराचा रंग, त्याची चमक, त्याचा धूसरपणा त्याच्या घटकांवरून सांगता येत नाही. रचना कुठे मोडली आहे, कोणती जागा रिकामी राहिली आहे आणि त्या स्फटिकावर आजवर काय गुदरले आहे, हे पाहावे लागते.

आधी न मोडलेल्या रचनेकडे पाहू. सोडियम क्लोराइडमध्ये प्रत्येक क्लोरीनने एक इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवलेला असतो. तो सोडवायला सुमारे साडेआठ ते नऊ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, आणि दृश्य प्रकाशाच्या सर्वांत तगड्या कणाजवळही, म्हणजे जांभळ्या प्रकाशाच्या कणाजवळही, जेमतेम तीन असतात. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा प्रकाश आला तसा निघून जातो. त्याला अडवायला आत कोणी नसते. दूरच्या अवरक्त भागात संपूर्ण आयनच हलू लागतात आणि तेथे वाट बंद होते. मधला सगळा पट्टा मोकळा. म्हणून तर अवरक्त वर्णपटाच्या उपकरणांत खिडकीला साधी काच चालत नाही. सोडियम क्लोराइडची किंवा पोटॅशियम ब्रोमाइडची वडी लागते. निर्दोष मीठ दृश्य प्रकाशापुरते मुके असते. ते पांढरे, पिवळे, जांभळे झाले किंवा अंधारात उजळले, तर बिघाड झाला आहे हे नक्की समजावे. प्रश्न उरतो तो कोणता आणि केवढा बिघाड, एवढाच.

केवढा, हे आधी घेऊ, कारण गोंधळ तेथेच होतो. आगरातले खडेमीठ दुधी दिसते. स्फटिक भराभर वाढताना त्यात समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब कोंडले जातात, आणि प्रकाश प्रत्येक थेंबाच्या कडेवर थोडा थोडा वळतो. हे कोंडलेले पाणी ऐकूही येते. खडेमीठ तापल्या तव्यावर टाकले की तडतडते. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्यावर जो आवाज होतो, त्यातला मिठाचा वाटा याच थेंबांचा. वाफेला जागा पुरत नाही आणि खडा फुटतो. शेतातल्या पापुद्र्याचा पांढरेपणाही याच जातीचा आहे, फक्त तेथे कडा थेंबांच्या नसून कणाकणांमधल्या हवेच्या आहेत. मिठाचा अपवर्तनांक सुमारे १.५४, हवेचा १. दर सीमेवर प्रकाश फुटतो, सगळे रंग सारखेच फुटतात आणि डोळ्याला पांढरे दिसते.

याचा पुरावा सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने मिळवता येतो. अवरक्त वर्णपटासाठी तो पोटॅशियम ब्रोमाइडची टिकली करतो. शंभर-दोनशे मिलिग्रॅम कोरडी पूड, तिच्यात मिलिग्रॅमभर नमुना, अकीकाच्या खलात एकजीव घोटायचे, साच्यात भरायचे आणि हायड्रॉलिक प्रेसवर आठ-दहा टनांचा दाब द्यायचा. खलात असताना पूड पिठासारखी पांढरी असते. साच्यातून निघते ती आरपार दिसणारी चकती. काही घातले नाही, काही काढले नाही. फक्त कणांमधल्या फटी मिटल्या. यातली खरी गंमत पुढे आहे. एवढ्या दाबाखाली स्फटिक अक्षरशः वाहतो, त्याचे थर एकमेकांवरून सरकतात आणि रचनेत नव्या घसरण-रेषांचे जाळे पडते. म्हणजे अणूंच्या पातळीवर टिकली पुडीपेक्षा जास्त मोडलेली असते, आणि तरी ती पारदर्शक! त्या रेषांचा गाभा काही अणूंच्या रुंदीचा, तर प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. एवढ्या लांब तरंगाला तो ओरखडा जाणवत नाही. पावसाळ्यात याच टिकलीला ओल लागली की ती धुरकटते, आणि आलेखावर ३४०० प्रति सेंटिमीटर तरंगांकाच्या आसपास पाण्याचा ओघळासारखा रुंद पट्टा उमटतो. तेव्हा दोष किती आहेत हे मोजून स्फटिक कसा दिसेल ते ठरत नाही. तरंगलांबीच्या तुलनेत दोष केवढा आहे, हे आधी पाहायचे. मोठा असेल तर तो प्रकाश पांगवतो. फार लहान असेल तर बहुधा दिसतच नाही.

या ‘बहुधा’ला एक अपवाद आहे, आणि सगळा विषय त्या अपवादावर उभा आहे. समजा रचनेतून एकच क्लोराइड आयन नाहीसा झाला. ती जागा आजूबाजूच्या सोडियम आयनांमुळे धनभारित भासते, आणि एखादा भटका इलेक्ट्रॉन तेथे येऊन अडकतो. या इलेक्ट्रॉनला अणू नाही, केंद्रक नाही. त्याला धरून ठेवते ती एक रिकामी जागा. पण त्याला स्वतःच्या ऊर्जापातळ्या असतात, आणि त्यांच्यातले अंतर नेमके दृश्य प्रकाशाच्या पल्ल्यात पडते. साध्या मिठात हा इलेक्ट्रॉन ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश खातो, म्हणून मीठ पिवळसर, पुढे तपकिरी दिसते. पोटॅशियम क्लोराइडमध्ये तो हिरवा प्रकाश खातो, स्फटिक जांभळा होतो. पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नारिंगी-तांबडा, स्फटिक निळा. कॅथोड किरणांनी क्षार रंगतात हे गोल्डश्टाइनने १८९६ मध्ये नोंदवले होते. पण शिस्तीने अभ्यास केला तो ग्योटिंगेनच्या रॉबर्ट पोल यांच्या प्रयोगशाळेने, १९२०च्या दशकापासून पुढे. रंगासाठीच्या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरावरून त्यांनी या केंद्रांना ‘एफ-केंद्रे’ म्हटले. मराठीत आपण वर्णकेंद्र म्हणू. रिकाम्या जागेत अडकलेला इलेक्ट्रॉन हे त्याचे आज मान्य असलेले चित्र डी बोअर यांनी १९३७ मध्ये मांडले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो घ्यायलाच हवा. रिकाम्या जागेला रंग असतो हे ऐकायला छान आहे, पण शुद्ध मीठ मिळते कुठे? कसला तरी मळ आत असणार आणि रंग त्या मळाचाच असणार. सांगलीच्या गणपती पेठेतल्या कुठल्याही किराणा दुकानातला गुलाबी सैंधवाचा खडा हा या आक्षेपाचा बिनतोड साक्षीदार वाटतो, आणि सैंधवापुरता तो खरा आहेही: तेथे रंग लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा असतो. पण पोल यांच्या प्रयोगशाळेतला पुरावा वेगळे सांगतो. पोटॅशियम क्लोराइडचा स्वच्छ स्फटिक पोटॅशियमच्या वाफेत तापवला तर जांभळा होतो. तोच स्फटिक सोडियमच्या वाफेत तापवला तरी तितकाच जांभळा होतो. रंग घातलेल्या धातूचा असता तर दोन धातूंचे दोन रंग झाले असते. धातूने फक्त इलेक्ट्रॉन पुरवले. रंग ठरवला तो यजमान स्फटिकातल्या पोकळीने. दुसरा पुरावा मोलवो यांनी १९३१ मध्ये आकड्यांत मांडला. आयनांमधले अंतर जसे वाढते, तशी शोषणाची ऊर्जा जवळपास त्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पेटी मोठी झाली की आत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या पातळ्या जवळ येतात, हा पुंज यांत्रिकीच्या पहिल्या धड्यातला हिशेब येथे मिठाच्या खड्यावर उतरतो. तिसरी परीक्षा पाण्याची. सैंधव विरघळवले तर तळाशी तांबूस गाळ बसतो. जांभळा पोटॅशियम क्लोराइड विरघळवला तर स्वच्छ, रंगहीन पाणी मिळते. रचना गेली, रिकामी जागा गेली, रंगही गेला. गाळ कशाचा पडणार?

निळ्या मिठाचा दाखला मळाचा रंग आणि रिकाम्या जागेचा रंग या दोहोंच्या मधला आहे. जर्मनीतल्या श्टासफुर्टच्या खाणीत गर्द निळ्या सैंधवाचे खडे सापडले आहेत. शेजारच्या पोटॅशच्या थरांमधला किरणोत्सारी पोटॅशियम-४० भूशास्त्रीय काळात त्या मिठावर किरण सोडत राहिला. वर्णकेंद्रे झाली, सरकली, गोळा झाली आणि त्यांतून सोडियम धातूचे अतिसूक्ष्म कण बनले. निळा रंग त्या कणांचा आहे. बाहेरून काहीही आलेले नाही, आतलेच सोडियम जागा सोडून एकत्र आले आहे. मिठाच्या रंगावरून त्याचे घटक कळत नाहीत, त्याचा इतिहास कळतो, हे म्हणणे या एका खड्यापुरते तरी अलंकारिक नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. एका घन सेंटिमीटर मिठात सोडियम-क्लोराइडच्या सुमारे २.२ गुणिले १० चा बाविसावा घात इतक्या जोड्या असतात. त्यांतल्या दहा-वीस लाखांमागे एका जागी वर्णकेंद्र झाले तरी रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इतक्या विरळ गोष्टीवर शास्त्र उभे करायचे का? करायचे, कारण दृश्य पट्ट्यात बाकीचे सगळे मुके आहेत. गर्दी बोलत असती तर हे दहा लाखांतले एक कुजबुजणे ऐकू आले नसते. शिवाय हे विरळ दोष टाळता येतील अशा हलगर्जीपणाचे फळ नाहीत. याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये आणि वाग्नर-शॉट्की यांनी १९३० मध्ये दाखवले की निरपेक्ष शून्याच्या वरच्या कुठल्याही तापमानाला स्फटिकात काही जागा रिकाम्या राहणारच. औष्णिक समतोलाची ती अट आहे. म्हणून ‘दोष’ हा आपल्या पाठ्यपुस्तकांनी रुळवलेला शब्द मला पटत नाही. त्यात कोणीतरी चुकल्याचा सूर आहे. पर्यायी शब्द सुचले, पण परीक्षेच्या पेपरात दोष असाच शब्द येतो, तेव्हा पुस्तकात तोच ठेवला आहे. वाचकाने त्यातला ठपका तेवढा वजा करावा.

आता मिरज. विल्यम वॉनलेस यांनी तेथे मिशन रुग्णालय सुरू केले १८९४ मध्ये, म्हणजे राँटगेन यांना क्ष-किरण सापडण्याच्या वर्षभर आधी. आज मिरज-सांगली ही दवाखान्यांची गावे आहेत. कराड-साताऱ्यातही एक्स-रे, सीटी, कॅथलॅब, रेडिओथेरपी यांत काम करणारे कर्मचारी पुष्कळ. त्यांच्या छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत, एक बॅज असतो. सगळे त्याला टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) म्हणतात. आत ॲल्युमिनियमची एक पट्टी, पट्टीवर ओळीने तीन पांढऱ्या चकत्या, प्रत्येकी सुमारे १३ मिलिमीटर व्यासाची आणि मिलिमीटरहून थोडी पातळ. चकतीत टेफ्लॉन आहे आणि टेफ्लॉनमध्ये मिसळलेले मीठ आहे: कॅल्शियम सल्फेट, डिस्प्रोसियमचा अंश घातलेले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७०च्या दशकात फिल्म बॅजच्या जागी हा बॅज देशात रूढ केला. चोपण जमीन सुधारायला शेतकरी पोत्याने जे जिप्सम टाकतो, तेही कॅल्शियम सल्फेटच, फक्त स्फटिकजलासह. एकीकडे रानातला क्षार हटवायला आणि दुसरीकडे किरण मोजायला एकच पदार्थ. स्फटिकजल सोडले, तर फरक आहे तो सुमारे दोन हजारांत एका जागी बसलेल्या डिस्प्रोसियमचा.

तो आत आल्यावर काय होते हे पाहण्यासारखे आहे. कॅल्शियमवर दोन धनभार, डिस्प्रोसियमवर तीन. डिस्प्रोसियमचे दोन आयन आत आले की भाराचा मेळ बसवायला तीन कॅल्शियम बाहेर राहतात; एक जागा रिकामी पडते. म्हणजे येथे दोष हिशेबाने पाडलेला असतो. तंत्रज्ञाच्या अंगावर किरण पडले की स्फटिकातले इलेक्ट्रॉन आणि त्यांनी मागे सोडलेल्या जागा वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे सापळ्यांत, अडकतात आणि तशाच राहतात. तीन महिन्यांनी पट्टी प्रयोगशाळेत जाते. तेथे गरम नायट्रोजनच्या झोताने, सुमारे २८५ अंश सेल्सियसला, चकती तापवतात. अडकलेले भार सुटतात, पुन्हा जुळतात, आणि जुळताना मिळालेली ऊर्जा डिस्प्रोसियम प्रकाशाच्या रूपाने टाकतो: ४८० नॅनोमीटरजवळ निळा, ५७५ जवळ पिवळा. प्रकाशगुणक नळी तो मोजते. जितका प्रकाश, तितका डोस. भारतातल्या नियमानुसार अशा कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. माणसाने ती पाळली की नाही, ते या क्षणभराच्या उजेडावरून ठरते.

तिसरा आक्षेप येथेच उभा राहतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. जे मोडलेले आहे त्यावर मापन कसे सोपवायचे? इलेक्ट्रॉन आपोआप निसटतील, उन्हाने निसटतील, एप्रिलच्या सांगलीत चाळीस अंशांना तर नक्कीच निसटतील. यात तथ्य आहे. उथळ सापळ्यांतले इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानालाच गळून जातात. पण या क्षारातले मापनासाठी वापरले जाणारे सापळे २२० अंशांच्या आसपास रिकामे होतील इतके खोल आहेत. महिन्या-दोन महिन्यांत होणारी गळती काही टक्क्यांची असते, ती माहीत असते आणि हिशेबात धरली जाते. उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून पट्टी कागदात गुंडाळलेली असते. किरणांपासून दूर ठेवलेला एक नियंत्रण बॅज सोबत असतो, त्यामुळे प्रवासात आणि साठवणीत चढलेला डोस वजा करता येतो. दुसरी खोड अधिक गंभीर: कॅल्शियम आणि गंधक हे शरीराच्या ऊतींपेक्षा जड अणू असल्याने हे मीठ कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना कित्येक पट फुगवून सांगते. म्हणून तर चकत्या तीन. एकीवर तांबे आणि ॲल्युमिनियमचा पडदा, दुसरीवर प्लास्टिकचा, तिसरी उघडी; तिन्हींच्या आकड्यांच्या गुणोत्तरावरून किरण कोणते आणि किती ऊर्जेचे होते ते कळते. साक्षीदार अतिशयोक्ती करतो, पण नेमकी किती करतो हे ठाऊक असेल तर त्याची साक्ष चालते. दोष अनियंत्रित असेल तर आक्षेप बरोबर. नियंत्रित असेल तर तो आक्षेप कुठल्याही मोजपट्टीवर घेता येईल.

उलट टोकाला जाण्याचा मोहही टाळला पाहिजे. दोष वाढवत गेले म्हणजे उजेड वाढत जातो असे नाही. डिस्प्रोसियमचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे नेले की हे आयन ऊर्जा प्रकाशात न टाकता एकमेकांकडे ढकलत राहतात आणि चमक मंदावते. अवरक्त खिडकीच्या वडीत वर्णकेंद्र काय आणि ओलीचा ओरखडा काय, दोन्ही नकोच. रुग्णालयांतल्या सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) कॅसेटमध्ये तर दोन जातींचे दोष एकमेकांविरुद्ध उभे असतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या फुजीने आणलेल्या या पद्धतीत पाटीवर युरोपियमयुक्त बेरियम फ्लोरोब्रोमाइड या क्षाराचा थर असतो. क्ष-किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन हॅलाइड आयनांच्या रिकाम्या जागांत वर्णकेंद्रे होऊन बसतात. कॅसेट यंत्रात सरकवली की लाल लेसर ती एकेक करून रिकामी करतो, आणि युरोपियम ३९० नॅनोमीटरजवळचा निळा-जांभळा उजेड देतो. छातीचा फोटो संगणकावर उमटतो तो असा. अणूएवढा दोष येथे प्रतिमा साठवतो. पण थर पुडीचा, कणांच्या कडा मोठ्या. त्यांवर लेसर पसरतो आणि प्रतिमेची धार बोथट होते. शेतातल्या पापुद्र्याला पांढरे करणारी गोष्ट येथे फोटो धूसर करते. आता सीआर जाऊन डीआर (डिजिटल रेडिओग्राफी) पॅनेले येत आहेत, मग हा सगळा विषय जुना झाला, असेही कोणी म्हणेल. त्याने पॅनेल उघडून पाहावे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारांत सिलिकॉनच्या वर थॅलियमयुक्त सिझियम आयोडाइडचा थर असतो, तोही सुयांसारख्या उभ्या स्फटिकांचा, म्हणजे उजेड बाजूला न पांगता सरळ खाली उतरावा. क्षार बदलला, पाहुणा आयन बदलला. मोठा दोष आवरायचा आणि लहान दोष राखायचा, ही कसरत तीच राहिली.

पुढच्या प्रकरणांत गणित आहे, ते टाळता आले नाही. ज्याला घाई आहे त्याने सापळ्यांच्या खोलीवरचे प्रकरण आधी वाचावे. बाकीचे सारे त्याला टांगलेले आहे. आणि ते वाचताना मोजून झालेल्या टीएलडी पट्टीचे पुढे काय होते ते ध्यानात ठेवावे. ती फेकून देत नाहीत. भट्टीत सुमारे २३० अंशांवर काही तास ठेवतात. उरलेसुरले भार सुटून जातात आणि मागच्या तिमाहीची खूण पुसली जाते. डिस्प्रोसियमचे आयन मात्र जागेवरच राहतात, त्यांच्यासाठी सोडलेल्या कॅल्शियमच्या रिकाम्या जागाही तशाच. पट्टी पुन्हा कागदात गुंडाळली जाते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी बॅजमध्ये जाऊन बसते.